घोणसीचं विष आणि काचेची नळी

या पोरांनो, पेंढ्यावर नका बसू, इकडं ओटीवर या. कारण आज जिची गोष्ट सांगायची आहे ती घोणस उंदरांच्या मागं पेंढ्यातच शिरते, आणि आपल्या शहापूर-मुरबाडकडं आवणीला वाकलेल्या बाईला नाहीतर भाताचा भारा उचलणाऱ्या गड्याला तिची गाठ पडते ती बांधाच्या गवतात. जाड, आखूड अंग, पाठीवर साखळीवानी तपकिरी ठिपक्यांच्या ओळी, आणि डिवचली की असा लांबलचक फुत्कार टाकते की माळशेजच्या पायथ्याचा धीट गुराखीसुद्धा दोन पावलं मागं सरतो. पुष्कळ साप अंडी घालतात, ही मात्र पावसाळ्याच्या तोंडाला जिवंत पिल्लं देते, आणि तीही एकदोन नव्हं, वीसतीस.

आता हिचं विष काय करतं बघा. विळा लागून बोट कापलं तर थोड्या वेळात रक्त गोठतं आणि जखमेचं तोंड बंद होतं, हे तुम्ही रोजच बघता. घोणस चावली की हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, थांबता थांबत नाही. म्हणून जुनी माणसं म्हणायची की विषानं रक्ताचं पाणी केलं. खरी गंमत अशी की हे विष रक्त पातळ करत नाही, ते रक्ताला नको तिथं, नको तेव्हा गोठायला लावतं! अंगात रक्त गोठवायचा जेवढा म्हणून साठा असतो तेवढा सगळा बारीक बारीक गुठळ्या करण्यात खर्ची पडतो, आणि मग खरोखर गरज लागते तेव्हा कणगी रिकामी.

मग डॉक्टरानं हे ओळखायचं कसं? साप तर दंश करून कधीच पसार झालेला, आणि आणणारे चौघं चार रंग सांगतात. त्यासाठी लागते एक काचेची नळी. नवी, कोरडी, स्वच्छ. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवून द्यायचं, आणि मग नळी कलती करून बघायची. रक्त गोठलं असेल तर जागचं हलत नाही; पाण्यावानी वाहिलं तर समजायचं की विष रक्तात भिनलंय आणि लस सुरू केली पाहिजे. यंत्र नको, वीज नको. रात्री दिवे गेलेल्या आरोग्य केंद्रातही बॅटरीच्या उजेडात हे जमतं. फक्त नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही दगा देते.

काचच का, याची गोष्ट पार अमेरिकेतल्या एका रेल्वेवाल्याकडं जाते. आपल्याकडं आसनगाव-कसाऱ्याला रेल्वेतली माणसं घरोघर आहेत, तसाच क्लीव्हलँड शहरात जॉन हेजमन नावाचा एक गाडीवरचा ब्रेकवाला होता. ऑपरेशनच्या आधी त्याचं रक्त तपासलं, तर काचेच्या नळीत ते गोठेचना. डॉक्टर घाबरले, पण हा गडी सांगतो, मला जन्मात कधी जास्तीचं रक्त गेलेलं नाही! दुसऱ्या कुणी कागदावर शेरा मारून विषय मिटवला असता. ऑस्कर रॅटनॉफ नावाच्या डॉक्टरला मात्र चैन पडेना. त्यानं त्या रक्ताचा पिच्छा पुरवला आणि १९५५ साली जगाला सांगितलं, की काचेचा स्पर्श झाला की जागं होऊन गोठण्याची सुरुवात करून देणारं एक द्रव्य रक्तात असतं, आणि नेमकं तेच या माणसात नाही. त्या द्रव्याला हेजमनचंच नाव मिळालं. आणि दैवाचा खेळ बघा, ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं तो हेजमन १९६८ साली अपघातात हाड मोडून पडला आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून गेला.

घोणसीच्या विषाचीही अशीच दुसरी बाजू निघाली. लंडनच्या मॅकफार्लेन नावाच्या डॉक्टरनं तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या बार्नेट या साप सांभाळणाऱ्या माणसाला हाताशी धरलं, आणि १९३४ साली दोघांनी दाखवून दिलं की हेच विष दहा हजार पट पातळ करून लावलं, तर ज्यांचं रक्त जन्मापासूनच नीट गोठत नाही अशा हिमोफिलियाच्या रोग्यांचा दात काढल्यावरचा रक्तस्राव थांबतो. आजही एखाद्या पोरीचा गर्भ वरचेवर पडत असेल, तर डॉक्टर तिचं रक्त ज्या तपासण्यांना पाठवतात त्यांतल्या एकीत घोणसीचं पातळ केलेलं विष वापरतात. त्या पोरीला याचा पत्ताही नसतो.

आणि उतारा? तो घोड्याच्या रक्तातून येतो. एकोणिसावं शतक संपता संपता फ्रान्सच्या आल्बेर काल्मेतनं आणि इतर काही जणांनी दाखवलं, की जनावराला अगदी थोडं विष टोचून मात्रा हळूहळू वाढवत नेली तर त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्यं तयार होतात. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचा जन्म प्लेगच्या साथीतला. वाल्डेमार हाफकिननं १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, एवढी त्या माणसाची हिंमत. त्याच संस्थेच्या नावानं पुढं सर्पदंशाची लस निघू लागली, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ती एकच लस चालते.

मण्यारीचं तर घोणसीहून वेगळं. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दुखतही नाही फारसं. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. नेपाळच्या तराईत संशोधक घरोघर हिंडले, कोण कसं झोपतं ते विचारलं, आणि २००७ साली छापलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्याला साप चावायचा धोका कमी. मलेरियासाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, फक्त तिच्या कडा गोधडीखाली नीट खोचलेल्या हव्यात. आता तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं सर्पदंशावरच्या आपल्या राष्ट्रीय प्रकल्पात शहापूर तालुकाही घेतला आहे. म्हणजे आपल्या पाड्यांवरचं दुखणंही आता अभ्यासाच्या वहीत चढलं.

पोरांनो, रॅटनॉफला शहापूर ठाऊक नव्हतं आणि मॅकफार्लेननं मुरबाडचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांना एक कोडं पडलं, ते त्यांनी सोडलं नाही, आणि त्याचं फळ डोळखांबच्या नाहीतर टोकावड्याच्या माणसाच्या पदरात पडलं. म्हणून कुणी प्रयोगशाळेत बसून सापाच्या विषाचं नाहीतर रक्ताच्या थेंबाचं काय करत बसलाय असं कुणी विचारलं, तर त्याला ही गोष्ट सांगा.

आणि साप चावला तर एवढं करा. जखम कापू नका, चोखू नका, दोरी करकचून आवळू नका. चावलेला हातपाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, १०८ ला फोन लावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. भगताला मान द्या, तोही आपलाच माणूस आहे, पण त्यालाही सोबत घेऊन दवाखान्यातच जा. लस तिथं आहे आणि ती वेळेवर मिळाली तरच जीव वाचतो.