एकच समाज, तीन याद्या

यवतमाळ जिल्ह्यातून पांढरकवड्यामार्गे दक्षिणेला निघाले आणि पाटणबोरी मागे पडली, की थोड्याच अंतरावर पैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. दोन्हीकडे काळी जमीन, कापूस आणि तूर. दोन्ही जिल्ह्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. घरात बोलली जाणारी गोरमाटी बोली तीच, सेवालाल महाराजांवरची श्रद्धा तीच, आणि सोयरिकीही नदी ओलांडून होतात. परंतु दोन तांड्यांतील मुलांचे जातीचे दाखले शेजारी शेजारी ठेवले तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. यवतमाळच्या मुलाच्या दाखल्यावर 'विमुक्त जाती (अ)' असे लिहिलेले असते, तर आदिलाबादच्या मुलाच्या दाखल्यावर 'अनुसूचित जमात'. हाच मुलगा कर्नाटकात जन्मला असता तर तो 'अनुसूचित जाती'त मोजला गेला असता.

बाहेरून आलेले लोक नव्या ठिकाणी कसे रुजतात, हा समाजशास्त्रातील जुना प्रश्न आहे. एका देशात त्यांची मुले शिकतात, नोकऱ्या मिळवतात. दुसऱ्या देशात त्याच मुलखातून आलेल्यांची मुले मागे राहतात. हा फरक येणाऱ्यांमुळे पडतो की जागेमुळे? प्रयोगशाळेत आपण एकच बियाणे दोन वाफ्यांत पेरून पाहू शकतो. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. कधी कधी मात्र इतिहासच असा प्रयोग मांडून ठेवतो. बंजारा समाजाची वाटचाल हे त्याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे.

तांडे स्थिर कसे झाले?

बंजारा म्हणजे मुळात बैलांच्या पाठीवरून माल वाहणारा समाज. धान्य, मीठ आणि इतर माल लादलेले बैलांचे कळप घेऊन हे लोक उत्तरेतून दक्षिणेत उतरत. मोगलांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांना रसद पुरवण्याचे कामही त्यांनी केले. गोरमाटी बोली राजस्थानी गटातील बोलींना जवळची आहे, यावरून त्यांच्या प्रवासाची दिशा समजते.

एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते झाले आणि पाठोपाठ रेल्वे आली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. एका मालगाडीचा माल वाहायला किती बैल लागतील, याचा हिशेब विद्यार्थ्यांना करायला सांगावा, म्हणजे या व्यवसायाचे पुढे काय झाले असेल ते वेगळे सांगावे लागणार नाही. व्यवसाय गेला, तांडे हळूहळू एका जागी थांबू लागले, आणि वाहतूकदार शेतकरी किंवा शेतमजूर झाला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या जमाती त्यात घातल्या गेल्या आणि काही भागांत बंजाराही त्यात सापडले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तेव्हापासूनचा.

तांडे थांबले तेव्हा पैनगंगा ही कारभाराची सीमा होतीच. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला होता. नदीच्या दक्षिणेला निजामाचे राज्य कायम होते. कोणत्या काठावर थांबायचे हे पाणी, चारा आणि ओळखीपाळखी पाहून ठरले असणार. शंभर वर्षांनंतर त्याच गोष्टीवर आपल्या नातवंडांच्या सवलती ठरतील, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणे शक्यच नव्हते.

यादी बदलली की काय बदलते?

आपल्या राज्यघटनेप्रमाणे अनुसूचित जाती आणि जमाती यांच्या याद्या राज्यवार असतात. एकच समाज एका राज्यात यादीत असू शकतो आणि शेजारच्या राज्यात नसू शकतो. एवढेच कशाला, एकेकाळी एकाच जिल्ह्यातही असा भेद होता. आपल्या जिल्ह्यातील केळापूर, वणी आणि यवतमाळ या तहसिलींतील गोंड अनुसूचित जमातीत मोडत असे, पण दारव्हा किंवा पुसद तहसिलीतील गोंड मोडत नसे! १९७६ साली संसदेने केलेल्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले. हा कायदा १९७७ मध्ये अमलात आला.

याच कायद्याने दक्षिणेतही मोठा बदल केला. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात किनाऱ्याकडच्या आणि रायलसीमेच्या भागातील लंबाडा किंवा सुगाली, म्हणजेच बंजारा, आधीपासून अनुसूचित जमातीत होते. तेलंगण भागातील मात्र नव्हते. १९७७ पासून तेही झाले. कर्नाटकात बंजारा समाज संपूर्ण राज्यात अनुसूचित जातींच्या यादीत आला. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींतच राहिला. येथे त्या गटाला ३ टक्के आरक्षण आहे. विमुक्तांना विधानसभेत राखीव जागा नाहीत. तेलंगणात अनुसूचित जमातींसाठी विधानसभेच्या १२ जागा राखीव आहेत आणि २०२२ पासून शिक्षण व नोकऱ्यांत १० टक्के आरक्षण आहे; अर्थात तेथे त्यांना ते गोंड, कोया आदी जमातींबरोबर वाटून घ्यावे लागते.

परिणाम जनगणनेत लगेच दिसला. १९७१ साली आंध्र प्रदेशात अनुसूचित जमात म्हणून मोजलेले लंबाडा-सुगाली सुमारे १ लाख ३२ हजार होते. १९८१ साली तो आकडा साडेअकरा लाखांवर गेला. दहा वर्षांत जवळजवळ नऊपट! कोणताही समाज जन्मदराने एवढा वाढत नाही. पूर्वी न मोजलेली तेलंगणातील माणसे आता मोजली गेली, हे याचे मुख्य कारण. आकड्यांचा आलेख अचानक उसळला, की घटना बदलली की मोजण्याची पद्धत बदलली, हे आधी विचारावे. विद्यार्थ्यांना हा धडा देण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे कारणही होते. महाराष्ट्रातून अनेक बंजारा कुटुंबे नदीपलीकडे गेली. आदिलाबादमधील गोंडांचा १९४० च्या दशकापासून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी हे स्थलांतर आणि त्याचे परिणाम नोंदवून ठेवले आहेत. आंध्र प्रदेशातील १९५९ चा विनियम आणि त्याची १९७० ची दुरुस्ती यांनुसार अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींना घेता येत नाही. १९७७ पूर्वी या नियमाच्या दृष्टीने तेलंगणातील लंबाडा बिगर-आदिवासी होता; यादीत नाव आल्यावर तो आदिवासी झाला. गोंड आणि कोलाम यांच्या जमिनीभोवती घातलेले कुंपण त्याच्यापुरते उघडले.

म्हणजे एका समाजाला रुजण्यासाठी मिळालेली जागा दुसऱ्या, आधीच दुबळ्या समाजाच्या वाट्यातून आली. शाळा, वसतिगृहे व नोकऱ्यांतील राखीव जागांत लंबाडा पुढे गेले आणि आपण मागे पडलो, ही तेथील गोंडांची तक्रार आहे. २०१७ साली आदिलाबाद भागात या दोन समाजांत उघड संघर्ष झाला. नव्याने आलेले किती पुढे गेले एवढेच मोजले, तर ही बाजू हिशेबात येतच नाही. आधीपासून राहणाऱ्यांचे काय झाले, हेही त्याच तक्त्यात लिहिले पाहिजे.

अलीकडच्या काठावर

मग यादीत नसलेला महाराष्ट्रातील बंजारा मागेच राहिला का? उत्तर सरळ नाही. पुसदजवळच्या गहुली गावी १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. विधानसभेत एकही राखीव जागा नसलेल्या समाजाने एकाच तालुक्यातून दोन मुख्यमंत्री दिले.

हे उदाहरण अभिमानाचे आहे, पण त्यावरून सरासरी काढता येत नाही. वर्गातील पहिल्या क्रमांकाचे गुण पाहून वर्गाचा निकाल ठरवता येत नाही, तसेच हे. त्याच समाजातील असंख्य कुटुंबे आजही दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात किंवा शहरांत बांधकामावर राबतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. सीझन संपून तांडा परत येतो तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

मग दोन काठांची नीट तुलना करायची कशी? येथे एक विचित्र अडचण येते. स्वातंत्र्यानंतर २०११ पर्यंतच्या जनगणनांत फक्त अनुसूचित जाती व जमाती नावानिशी मोजल्या गेल्या. त्यामुळे तेलंगणातील लंबाडा २०११ साली सुमारे २० लाख होते आणि त्यांतील साक्षर किती, हे जनगणनेत मिळते. महाराष्ट्रातील बंजारा किती, हेच मिळत नाही. जी यादी परिणाम घडवते तीच मोजपट्टीही पुरवते. ज्याला यादीतून वगळले, त्याचे नुकसान मोजायची सोयही उरत नाही.

आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. नदी ओलांडून गेलेले लोक हे सर्व तांड्यांचा सरसकट नमुना नव्हते. ज्यांच्याजवळ थोडे भांडवल, धाडस किंवा पलीकडे नातलग होते, तेच आधी गेले असतील. त्यांची प्रगती पाहून ती पूर्णपणे यादीमुळे झाली असे म्हटले, तर निष्कर्ष चुकेल. म्हणून तुलना करायची ती दोन्हीकडच्या जुन्या रहिवाशांची.

युरोपातील चाळणी

हीच खबरदारी देशादेशांची तुलना करताना लागते. कॅनडाने १९६७ पासून शिक्षण, भाषा आणि वय यांना गुण देऊन स्थलांतरित निवडायला सुरुवात केली. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर बोलावले आणि १९७३ साली ही भरती थांबवली. मजूर काही वर्षांनी परत जातील असे गृहीत होते. ते राहिले, कुटुंबे आली, मुले झाली. तेथे जन्मलेल्या मुलांना जन्मामुळे नागरिकत्व मिळण्याची सोय, तीही अटींसह, २००० साली झाली. कॅनडातील इंजिनियरची मुले आणि जर्मनीतील गिरणी कामगाराची मुले यांची तुलना करून 'कॅनडा चांगला' म्हणणे घाईचे ठरेल.

म्हणून काही संशोधकांनी वेगळी रीत वापरली. तुर्कस्तानातून आलेल्या, स्वतः फारसे न शिकलेल्या आईबापांची मुले त्यांनी युरोपातील ८ देशांतील १५ शहरांत शोधली. बियाणे शक्य तितके सारखे ठेवले आणि वाफे बदलले. स्वीडन व फ्रान्समध्ये यांतील बरीच अधिक मुले उच्च शिक्षणापर्यंत पोचली. जर्मनी व ऑस्ट्रियात कमी.

कारण शाळेच्या रचनेत सापडते. फ्रान्समध्ये मुले साधारण तिसऱ्या वर्षीच बालशाळेत जातात. स्वीडनमध्ये सर्व मुले नऊ वर्षे एकाच प्रकारच्या शाळेत शिकतात. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे सुमारे दहाव्या वर्षी, मुलांना वेगवेगळ्या शाळांत विभागतात. कोणती विद्यापीठाकडे नेणारी, कोणती कामगार घडवणारी. घरी तुर्की बोलणाऱ्या मुलाला जर्मन पक्की व्हायला काही वर्षे लागतात. चाळणी दहाव्या वर्षी लावली तर ते खाली गळते. सोळाव्या वर्षी लावली तर तेच मूल वर राहते. मुलाच्या बुद्धीत काही फरक पडलेला नसतो, फक्त चाळणीची वेळ बदललेली असते.

आपल्या वर्गातील चाळणी

आपल्याकडे दहाव्या वर्षी मुलांची अशी अधिकृत विभागणी होत नाही. पण पहिलीत आलेले तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि पुस्तक मराठीत असते. कोलामी बोलणाऱ्या पोडावरच्या मुलाचेही तसेच. ते गप्प बसते आणि 'मंद' ठरते. दुसरी चाळणी ऊसतोडीच्या सीझनची. पोरे मागे राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आश्रमशाळा आहेत. त्या वेळेवर सुरू होतात का आणि मूल तिथे टिकते का, यावर त्या मुलाचे पुढचे दहा वर्षांचे शिक्षण अवलंबून असते.

दाखल्यावरचा शब्द शिक्षकाच्या हाती नसतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातील बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेशासाठी मोर्चे काढले आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. दोन्ही बाजूंची मुले एकाच वर्गात शेजारी बसतात. आदिलाबादचा अनुभव पाहिला तर दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. बंजारा म्हणतात, नदीपलीकडे जे मिळते ते आम्हाला का नाही. आदिवासी म्हणतात, ते कोणाच्या ताटातून दिले जाणार? पुढच्या, म्हणजे २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. ते आकडे हाती आले तर निदान दोन्ही काठ एकाच मोजपट्टीने मोजता येतील.

तोपर्यंत शाळेत एक लहान नोंद ठेवता येईल. कोणाची जात न विचारता एवढेच लिहावे: पहिलीत आलेले मूल घरी कोणती बोली बोलते, वर्षात किती दिवस गावाबाहेर असते, आणि ते मराठी सहज वाचू लागले त्या वेळी कोणत्या इयत्तेत होते. पाच-सहा वर्षांची अशी वही जमली, की आपल्या शाळेतील चाळणी कोठे बसली आहे ते दिसू लागेल. ती थोडी पुढे सरकवणे पुष्कळदा शिक्षकाच्या हाती असते.