डोळ्यातील औषधाची कांडी जागा सोडते तेव्हा

मधुमेहाने किंवा शीर तुंबल्याने डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येते व नजर मंद होते. त्यावर डॉक्टर कधी कधी डोळ्यात डेक्सामेथासोन या औषधाची बारीक कांडी सोडतात. ती सुमारे ६ मिलिमीटर लांब असून तिच्यात ०.७ मिलिग्रॅम औषध असते. सुईने ती डोळ्याच्या मागच्या भागात बसवतात. काही महिने औषध झिरपवत ती आपोआप विरघळते. सहसा काढावी लागत नाही.

मग धोका कोठे? मोतीबिंदू काढताना नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी राखून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. ही पिशवी म्हणजे डोळ्याच्या पुढच्या व मागच्या भागांमधील बांध. शस्त्रक्रियेत ती फाटली असेल, तर बांध फुटलेल्या वावरातील पाण्यासारखी कांडी पुढे सरकते. मागची जेली पूर्वी काढलेली असल्यास ती अधिकच सहज सरकते.

पुढे आलेली कांडी बुबुळावरील पारदर्शक पटलाला आतून घासते. तेथील पेशी एकदा मेल्या की पुन्हा वाढत नाहीत. पटल सुजून पांढुरके होते. फार उशीर झाला तर पटल बदलण्याची पाळी येते. म्हणून “विरघळेल आपोआप” म्हणत बसू नये.

काही वेळा डॉक्टर रुग्णाला उताणे निजवून, बाहुली मोठी करून कांडी मागे जाऊ देतात. पण ती पुन्हा पुढे येऊ शकते. तसे झाल्यास शस्त्रक्रियेने काढतात. येथे कौशल्य लागते. जुनी झालेली कांडी मऊ व ठिसूळ असते. चिमट्याने दाबली की तुकडे होतात. म्हणून पटलाच्या रक्षणासाठी आत दाट द्रव भरतात, पुरेशी चीर घेतात, कांडी हलक्या हाताने किंवा शोषून बाहेर काढतात आणि तुकडा राहिला नाही ना, हे पाहतात.

आपण काय करावे?

१. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा. पिशवी फाटली होती किंवा भिंग बसवले नव्हते, तर कांडी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

२. कांडी घेतल्यावर एकाएकी धूसर दिसले, डोळा दुखला, लाल झाला किंवा बुबुळापुढे पांढरी काडी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पेरणी एक दिवस थांबेल.

३. डोळा चोळू नये. मध किंवा पाल्याचा रस घालू नये.

४. या औषधाने डोळ्यातील दाब वाढू शकतो. सांगितलेल्या दिवशी तपासणी चुकवू नये.