धुराड्यापासून भूगर्भापर्यंत : युरियात शिरलेला वायू

कार्बन डायऑक्साइड वाहून नेणाऱ्या कोयली ते गंधार या नियोजित नळमार्गाचा विचार आज करण्याचे मी कबूल केले होते; परंतु दांडिया बाजारातील एका वाचकांच्या पत्रातील शंका इतकी मूलगामी आहे की तिचे निरसन केल्यावाचून पुढे जाणे प्रशस्त वाटत नाही. ते विचारतात : फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्यात कार्बन डायऑक्साइड कित्येक दशके धरला जातच आहे, मग तो धरून जमिनीत पुरण्याच्या आजच्या योजनांत नवे ते काय?

विधान यथार्थ आहे. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूवर वाफेची क्रिया करून काढतात, तेव्हा त्याच्या जोडीने कार्बन डायऑक्साइडही निपजतो. आणि तो पुढे लोहाच्या उत्प्रेरकापर्यंत गेला तर उत्प्रेरकच निकामी होतो, म्हणून त्याला वाटेतच अडवणे कारखानदाराला भाग असते. उंच मनोऱ्यात वरून अमाइनचे किंवा पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण झिरपत उतरते, खालून वायूंचे मिश्रण चढते, आणि द्रावण नेमका हाच वायू शोषून घेते. पुढे दुसऱ्या मनोऱ्यात ते तापवले की वायू जवळजवळ शुद्ध रूपात सुटतो व द्रावण पुन्हा कामावर रुजू होते. अमाइनच्या या युक्तीचे पेटंट बॉटम्स नावाच्या संशोधकाला अमेरिकेत १९३० साली मिळाले, आणि हवामानाच्या चिंतेशी तिचा तेव्हा सुतराम संबंध नव्हता.

असा धरलेला वायू अमोनियाशी संयोग पावून युरिया होतो. एका टन युरियात तो सुमारे ७३० किलो खपतो. येथेच अनेकांची समजूत होते की त्याचा कायमचा बंदोबस्त झाला. वस्तुतः युरिया ओल्या मातीत पडताच युरिएज नावाचे विकर त्याचे विघटन करू लागते, अमोनिया पिकाच्या उपयोगी पडतो, आणि कारखान्याच्या वहीत खर्ची पडलेला वायू काही दिवसांतच वातावरणाच्या खात्यावर पुन्हा जमा होतो.

उलट नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात, १९९१ च्या कार्बन कराचा भार टाळण्यासाठी, नैसर्गिक वायूतून अमाइननेच वेगळा काढलेला हाच वायू १९९६ पासून सागरतळाखालील वालुकाश्मात सोडण्यात येऊ लागला. सुमारे ८०० मीटरांहून अधिक खोलीवर दाबाने तो द्रवासारखा दाट होतो, आणि वरचा अभेद्य शेल खडक त्याला वर येऊ देत नाही. मनोरे दोन्हीकडे सारखेच. भेद पडतो तो अखेरच्या मुक्कामात.

म्हणून माझ्या मते प्राधान्याचा क्रम असा असावा, की ज्या अमोनियाचे युरियात रूपांतर न होता अमोनियम सल्फेट किंवा कॅप्रोलॅक्टम होते, त्याच्या निर्मितीत मोकळा राहणारा शुद्ध वायू आधी पुरावा. कारण भट्ट्यांच्या धुरात हाच वायू विरळ असतो, आणि तो वेगळा काढण्यासाठी द्रावण तापवण्यात जी उष्णता खर्ची पडते तीच या साऱ्या उद्योगाचा सर्वांत जड खर्च होय. शुद्ध प्रवाहाला तो खर्च पडतच नाही, कारण उत्पादकाने तो स्वतःच्या गरजेपायी आधीच सोसलेला असतो. उरते फक्त दाबणे, वाहून नेणे आणि पुरणे.

कोयली शुद्धीकरण कारखान्यातील वायू गंधारच्या तेलक्षेत्रात सोडण्याबाबत इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांच्यात २०१९ साली सामंजस्य करार झाला. तेथे वायू जमिनीत जाताना तेल वर येते, तेव्हा हिशेबाची आणखी एक बाजू तपासावी लागेल. तो नळमार्ग आणि तो हिशेब पुढील आठवड्यात.