बेल्ट तुटला म्हणजे इंजिन गेलेच का?

चालती गाडी एकाएकी बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरते, पण चालू होत नाही. टायमिंग बेल्ट तुटल्याची ही ठळक खूण. यानंतरच्या तासाभरात गाडीचे काय केले जाते यावर पुढचा खर्च बराचसा ठरतो, आणि नेमके याच वेळी मालकाच्या कानावर सर्वांत जास्त चुकीचे सल्ले पडतात.

आधी तुटलेला बेल्ट कोणता हे पाहा. बाहेरचा फॅन बेल्ट तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, पण इंजिन लगेच बंद पडत नाही. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो आणि तो सगळ्या गाड्यांत नसतोही. डस्टरच्या 1.5 लिटर डिझेलमध्ये, पोलोच्या 1.5 टीडीआयमध्ये आणि जुन्या इनोव्हाच्या 2.5 लिटर डिझेलमध्ये बेल्ट आहे, स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये आणि इनोव्हा क्रिस्टाच्या 2.4 मध्ये चेन.

‘बेल्ट तुटला म्हणजे इंजिन संपले’ हे सरसकट खरे नाही. पिस्टनना जोडलेल्या क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची एक फेरी, हा मेळ बेल्ट राखतो. तो तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन मात्र गतीच्या जोरावर वर-खाली होतच राहतो. काही इंजिनांत पूर्ण उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात जागा उरते, तिथे काहीच वाकत नाही. कोरोलातले टोयोटाचे जुने 4ए-एफई पेट्रोल इंजिन असेच. डिझेलमध्ये ही सवलत जवळपास नसतेच, कारण कॉम्प्रेशन इतके जास्त असते की वर आलेल्या पिस्टनच्या डोक्यावर जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. पण टक्कर झाली तरी बहुतेकदा मार व्हॉल्व्हवर येतो. हेडचे काम करून असे इंजिन पुन्हा ठणठणीत होऊ शकते. तपासणीआधीच कोणी ‘इंजिनच बदलावे लागेल’ म्हणाले, तर त्याला होकार देऊ नका.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच महागात पडतो. ‘गाडी सिग्नलला उभी होती, म्हणजे काही झाले नसणार.’ आयडलिंगला, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांच्या वेगानेही, प्रत्येक पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात कॅम कुठेही थांबला तरी एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा सापडतोच. व्हॉल्व्ह वाकायला एक ठोका पुरतो.

आणि सगळ्यांत घातक सल्ला: ‘नवा बेल्ट टाकू, सेल्फ मारून बघू.’ वाकलेल्या व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये अडकते, सेल्फच्या जोराने पिस्टन त्याच्यावर पुन्हा आदळतो. व्हॉल्व्हचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले, तर जे काम हेडपुरते होते ते पिस्टन आणि ब्लॉकपर्यंत जाते. म्हणून खूण ओळखल्यावर पुन्हा सेल्फ मारू नका आणि गाडी गिअरमध्ये टाकून ढकलायलाही देऊ नका. ती टो करूनच न्या.

गॅरेजमध्ये काम हाताने सुरू व्हावे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेपासून, पाव फेरीवर आणला की चारही पिस्टन अधल्यामधल्या उंचीवर येतात, आणि मग कॅम फिरवताना कशालाच धक्का लागत नाही. आधी कॅम खुणेवर, मग क्रँक खुणेवर, तात्पुरता बेल्ट आणि लांब पान्याने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या. कुठे अडल्यासारखे वाटले तर तिथेच थांबायचे.

फेऱ्या सुरळीत झाल्या म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. केसभर वाकलेला व्हॉल्व्ह कुठेही न अडता फिरतो, फक्त सीटवर नीट बसत नाही. एंडोस्कोपच्या कॅमेऱ्यात पिस्टनवर चंद्रकोरीसारखी ताजी खूण दिसली तर टक्कर झाली हे नक्की; खूण दिसली नाही म्हणून ती झाली नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कॉम्प्रेशन टेस्टला सेल्फ मारावाच लागतो, म्हणून ती इथे पहिली नको.

निकाल देते ती लीक-डाउन टेस्ट. एकेक सिलिंडर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असतील अशा टीडीसीवर आणायचा, क्रँक धरून ठेवायचा आणि स्पार्क प्लगच्या, डिझेलमध्ये हिटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची. किती हवा निसटते ते गेजवर कळते, आणि कुठून निसटते ते कानांना. एअर फिल्टरच्या बाजूने फुस्स आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. ही टेस्ट चालू असताना मालकाने समोर उभे राहावे असे मला मनापासून वाटते. हेड उतरवायचे की नाही, हा प्रश्न त्यानंतर कोणाच्या शब्दावर सोडावा लागत नाही.

हेड उतरवल्यावर ‘वाकलेले दोन-तीन व्हॉल्व्ह बदलले की झाले’ हा हिशेबही अपुरा. गाइडला तडा, कॅमला चीर, तुटलेले रॉकर हे सगळे पाहायला हवे. डिझेलमध्ये डायल गेज लावून टीडीसीला प्रत्येक पिस्टन किती वर येतो तेही मोजावे. एखादा इतरांपेक्षा कमी वर येत असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची दाट शंका. हे मोजायला फार वेळ लागत नाही, आणि राहून गेले तर बांधलेले इंजिन पुन्हा खोलावे लागते.

विम्याची आशा धरू नका. नेहमीच्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज धरलेली नसते.

बेल्ट ‘आपोआप’ तुटला असेही मानू नका. टेन्शनरचे बेअरिंग जाम होते, वॉटर पंप अडकतो, सीलमधून गळणारे ऑइल रबर खाते, फाटलेल्या फॅन बेल्टचे धागे कव्हरमध्ये शिरतात. कारण न शोधता नुसता नवा बेल्ट चढवला तर तोही टिकणार नाही. शिवाय रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, म्हणून कंपनीने किलोमीटरबरोबर वर्षांची मर्यादा दिली असेल तर जी आधी येईल ती पाळायची.

जुन्या इनोव्हाच्या 2.5 लिटर डिझेलमध्ये मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो. तो बेल्टची अवस्था पाहून लागत नाही, किलोमीटर मोजून लागतो, आणि बेल्ट न बदलताही विझवता येतो. अशी गाडी विकत घेताना विझलेल्या दिव्यावर विसंबू नका. बेल्ट आणि टेन्शनर बदलल्याचे बिल मागा, त्यावरची तारीख आणि किलोमीटर पाहा. बिल नसेल तर या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा, आणि गाडी ताब्यात आली की लांबच्या प्रवासाआधी ते काम उरका.