क तोच, पण परीक्षा कुणाची?

पाऊस ताडपत्रीवर आपटू लागला की सया बोलणं थांबवतात. बर्मी भाषेत शिक्षकाला सया म्हणतात. मग ते वाकून एकेका मुलाजवळ जातात, त्याचं बोट धरून पाटीवर अक्षर गिरवतात. बांबूचे तट्टे, खाली चटया, दाराशी ओल्या चपलांचा ढीग. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारजवळच्या कुतुपालोंग छावणीतला हा रोहिंग्या मुलांचा वर्ग. २०२३च्या पावसाळ्यात आठवडाभर मी मागच्या तट्ट्याला टेकून बसत होते.

पाऊस ओसरला. सयांनी फळ्यावर एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं काढली, खालून उघडी. मुलं ओरडली, 'क जी!' म्हणजे मोठा क. मग ख, मग ग. मी चमकलेच. आपलीच मुळाक्षरं, त्याच क्रमाने! लिप्यांचं मूळ एकच, ब्राह्मी, हे पुस्तकात वाचलं होतं. कानांनी ऐकलं ते इथे.

पण बर्मी ही या मुलांची घरची भाषा नव्हे. घरी रोहिंग्या, जी चाटगावच्या बोलीला जवळची. सया समजावून सांगतात रोहिंग्यात, लिहून घेतात बर्मीत. इंग्रजी-गणिताला बांगलादेशी शिक्षिका येतात. बांगला अभ्यासक्रमाला परवानगी नाही, कारण या लोकांनी म्यानमारला परत जायचं आहे, असं सरकारचं म्हणणं. म्हणून २०२१च्या अखेरीपासून म्यानमारचा अभ्यासक्रम आला. ज्या देशाच्या १९८२च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं, त्याच देशाचा.

सया स्वतः म्यानमारमधल्या मौंगडॉत दहावी झाले. तिथल्या २०१२च्या दंगलींनंतर रोहिंग्यांना सित्वेच्या विद्यापीठाची दारं बंद झाली, तिथे त्यांचं शिक्षण थांबलं. २०१७च्या ऑगस्टमधल्या लष्करी कारवाईनंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं नाफ नदीपलीकडून या टेकड्यांवर आली, त्यांत ते होते. कागदोपत्री ते आजही शिक्षक नाहीत, 'स्वयंसेवक' आहेत. निर्वासिताला इथे नोकरी करता येत नाही.

मागच्या रांगेत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. वस्तीतली एक बाई तिला छत्रीखाली आणून सोडायची, न्यायला यायची. या वयात बऱ्याच मुलींचं येणं थांबतं, हिचं थांबलं नव्हतं. तिने सयांना विचारलं, 'दहावीनंतर परीक्षा कोण घेणार?' सया बराच वेळ फडक्याने फळा पुसत राहिले.

जून २०२५मध्ये निधी आटला आणि अकराशेहून अधिक बांगलादेशी शिक्षकांची कामं गेली. पैसा कमी पडतो हे खरंच आहे. पण त्या मुलीच्या प्रश्नाला पैशाआधी मान्यता हवी. म्यानमार देत नसेल, तर जगातल्या एखाद्या बोर्डाने, एखाद्या मुक्त विद्यापीठाने या मुलांची परीक्षा घ्यावी आणि गुणपत्रिकेवर त्यांचं नाव लिहून द्यावं.