धुलाईची गाडी : पंप कुठे, हायपो कुठे?

पावसाळा सरला की हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या इमारतींवर आणि माण-मारुंजीकडच्या सोसायट्यांच्या भिंतींवर हिरवे-काळे शेवाळ दिसू लागते. ते धुण्याच्या कामावर आपल्या वस्त्यांतली मुले आहेत. आता त्यांच्यापैकी काही जण म्हणतात, ठेकेदाराची रोजंदारी किती दिवस करायची? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे अर्ज करू, जुनी गाडी घेऊ, यंत्रे बसवू आणि स्वतःचे काम सुरू करू. विचार उत्तम आहे. पण गाडीत यंत्रे कशी बसवली यावर त्या मुलाची फुप्फुसे, डोळे आणि हात अवलंबून असतात. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर.

धुण्याच्या पद्धती दोन. प्रेशर वॉशमध्ये पंप पाणी शंभर ते दोनशे बार दाबाने फेकतो. पार्किंगची फरशी, पेव्हर ब्लॉक यांना हे चालते. रंगवलेल्या भिंतीवर तेच मारले तर शेवाळाबरोबर रंगही निघतो. तिथे सॉफ्ट वॉश करतात : बॅटरीवरच्या छोट्या पंपाने, जवळपास नळाच्या धारेइतक्या दाबाने, सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे बाजारातले ‘हायपो’ आणि थोडे साबणद्रव्य फवारायचे, दहा मिनिटे थांबायचे, सुकायच्या आत साध्या पाण्याने धुऊन काढायचे. पहिल्या पद्धतीत धोका दाबाचा, दुसऱ्या पद्धतीत रसायनाचा. एकाच गाडीत दोन्ही बसवले की दोन्ही धोके शेजारी शेजारी येतात.

आधी वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन झाला. वर पंप, पाइप, कॅन आणि दोन माणसे. छोट्या टेम्पोची क्षमता साधारण पाऊण टन असते, हे गाडीच्या कागदावर पाहून घ्या. टाकी मागच्या चाकांच्या थोडी पुढे ठेवा आणि दोरीने न बांधता बोल्टने सांगाड्याला आवळा. अर्धी भरलेली टाकी जास्त हेलकावते. हिंजवडीच्या कोंडीत दर दहा पावलांवर ब्रेक लागतो आणि सैल टाकी चालकाच्या पाठीवर येऊ शकते.

आता इंजिन. पेट्रोलवर चालणारा प्रेशर पंप बंद व्हॅनमध्ये ठेवून, मागचे दार किलकिले करून चालवलेला दिसतो. हे कधीही करू नका. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस म्हणतो, ऊन लागले. तसाच आत बसून राहिला तर उठत नाही. इंजिन खाली जमिनीवर उतरवून चालवावे आणि लांब पाइप वापरावा. माझे मत विचाराल तर बंद व्हॅनपेक्षा उघड्या हौद्याचा छोटा टेम्पो बरा. सामान चोरीला जाईल ही भीती खरी आहे, पण त्याला जाळीची पेटी आणि कुलूप हा इलाज आहे. विजेवरचा पंप घेतला तर धूर नाही, मात्र ओल्या जमिनीवर वीज आहे. सोसायटीच्या प्लगला जोडण्याआधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी स्वतःच्या बोर्डात बसवून घ्या आणि अर्थिंग तपासा.

सगळ्यात जास्त लक्ष हायपोकडे द्यायचे. कॅनमध्ये मिळणारे हायपो दहा-बारा टक्क्यांचे असते. उन्हात ते आपोआप विघटित होते, कॅन फुगतो, म्हणून झाकण हवा सोडणारे लागते. म्हणूनच ते बंद गाडीत, चालकाच्या मागे ठेवायचे नाही. कॅन प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये, सावलीत, उघड्या बाजूला ठेवा. लोखंड, पितळ, अॅल्युमिनियम ते खाते. टाकी, नळी आणि जोड प्लास्टिकचे घ्या. काम संपल्यावर पंपातून दहा मिनिटे साधे पाणी सोडा, नाहीतर पंपाचे पडदे फाटतात आणि गळती सुरू होते.

बारा टक्के हायपोच्या एका लिटरमध्ये अकरा लिटर पाणी घातले की एक टक्का द्रावण होते. साध्या शेवाळाला बहुतेक वेळा तेवढे पुरते. पाण्यात हायपो ओता, हायपोत पाणी नको.

आणि संडास धुण्याचे अॅसिड या गाडीत नकोच. हायपो आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गाडीच्या तळाशी साचतो आणि खाली वाकलेल्या माणसाच्या नाकात आधी जातो. काम दोन्ही प्रकारचे असेल तर अॅसिड वेगळ्या फेरीत न्या. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क क्लोरीन अडवत नाही. त्यासाठी अॅसिड-गॅसचा कार्ट्रिज असलेला रबरी मास्क लागतो. बाजूने बंद असलेला चष्मा, रबरी हातमोजे आणि गमबूट यांचा खर्च गाडीच्या हिशेबातच धरा.

१९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीतच कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चार जणांचा जीव गेला. चालकाने ज्वलनशील रसायनाने ती मुद्दाम लावल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आहे. आपण त्यातून घ्यायचे ते एवढेच, की मागचे दार उघडले नाही आणि मागची माणसे अडकली. धुलाईच्या गाडीत कॅनशेजारी मदतनीस बसवू नका. मागचे दार आतून उघडते का ते रोज पाहा. पेट्रोलचा डबा हायपोपासून लांब ठेवा.

हायपो डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा, मगच दवाखाना. वायू लागला तर माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. पोटात गेले तर उलटी काढू नका. प्रेशर गनची धार बोटात घुसली तर वरून टाचणीएवढेच भोक दिसते, दुखतही नाही फारसे, पण आत पाणी आणि घाण शिरलेली असते. हळद लावून थांबलात तर बोट जाऊ शकते. त्याच तासात पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा ससूनला जा आणि ‘प्रेशरची धार घुसली’ असे स्पष्ट सांगा.

जेट मशीन पाहिले की सोसायटीवाले हमखास विचारतात, ‘सेप्टिक टाकीही करून द्याल का?’ सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. दोन हजार रुपये जास्तीचे देतो म्हटले तरी नाही म्हणा. टाकीतला वायू ना मास्क पाहतो ना वय.

घरच्या बायामाणसांसाठी एक गोष्ट. उरलेले हायपो थंड पेयाच्या बाटलीत भरून घरी आणायची सवय फार आहे. दहा बाय दहाच्या खोलीत ती बाटली लेकराच्या हाताच्या टप्प्यातच असते, आणि तहानलेले लेकरू वास घेऊन पीत नाही. कॅन गाडीतच कुलपात राहू द्या. कामाचे कपडे दाराबाहेर उतरवा, वेगळ्या बादलीत धुवा, आणि त्या बादलीत दुसरे कुठलेही रसायन टाकू नका.