लेथसाठी लोखंड घेताना

गावात लेथ आले, की शेतकऱ्याची मोठी सोय होते. लेथ म्हणजे लोखंड फिरवून तासण्याचे यंत्र. पंपाचा शाफ्ट, कडबाकुट्टीचा बूश, ट्रॉलीची पिन, सारे गावातच होते. तालुक्याचा हेलपाटा वाचतो.

पण लोखंडच चुकीचे घेतले तर? कारागिराची मेहनत फुकट जाते. पिकाला पाणी द्यायच्या वेळीच शाफ्ट मोडतो.

‘लोखंड ते लोखंड, त्यात काय बघायचं?’ असे पुष्कळ जण म्हणतात. तसे नाही बरं का! ज्वारीत जाती असतात, तशा लोखंडातही असतात. त्यात कार्बन किती, यावर जात ठरते.

माईल्ड स्टीलमध्ये कार्बन शंभर भागांत साधारण पाव भाग, किंवा त्याहून कमी. ते मऊ असते. वाकते, वेल्डिंगही चांगले घेते. साध्या पिना, पट्ट्या, चौकटी याच्या कराव्या.

भार सोसणाऱ्या शाफ्टला ‘ईएन ८’ मागा. त्यात कार्बन पाव भागाहून जास्त, पण अर्ध्या भागाहून कमी असतो. ते जास्त मजबूत असते.

बिडात कार्बन दोन भागांहून जास्त. बीड दाब सोसते, पण जोराचा घाव बसला की फुटते.

बूश मात्र गनमेटलचा बरा. झिजायचे तर स्वस्त बुशाने झिजावे, महाग शाफ्टने नको.

स्लॅबची टीएमटी सळई शाफ्टला वापरू नका. तिची साल कडक, गाभा मऊ. साल तासली की मऊ गाभाच उरतो.

जात कशी ओळखाल? तुकडा ग्राइंडरला टेकवा. डोळ्यांना चष्मा हवाच. माईल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, त्यांना फुले थोडी. कार्बन जास्त असेल, तर फुले जास्त. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. ओळखीचा तुकडा शेजारी धरून ताडून पाहा.

आता माप. काळ्या सळईवर खवले असतात. ती तासावी लागते. शाफ्ट ३२ मिलिमीटरचा हवा, तर सळई ३६ची घ्या. लांबीतही कापण्यापुरते जास्त धरा.

लोखंड वजनावर विकतात. वजनाचा हिशेब सोपा आहे. गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिला तिनेच गुणा. मग १६२ने भागा. एक मीटरचे वजन किलोत मिळते. ३६ गुणिले ३६ म्हणजे १२९६. त्याला १६२ने भागले, की ८ किलो. सहा मीटर सळई म्हणजे ४८ किलो. थोडा फरक चालतो. पण बिलात ५५ किलो लिहिले असेल, तर पुन्हा वजन करायला सांगा.

बिलावर जात, जाडी, लांबी, वजन आणि दर लिहून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. आधी बिल वाचा, मगच पैसे मोजा.